पाळीव मांजराचा ओळखबिल्ला

पाळीव मांजराचा ओळखबिल्ला म्हणजे मांजराच्या गळपट्ट्याला अडकवलेली किंवा पट्ट्यावरच बसवलेली, पालकाचा संपर्क क्रमांक व इतर आवश्यक माहिती कोरलेली लहान चकती होय. हरवलेले मांजर ज्या अनोळखी व्यक्तीच्या हाती लागते, तिला ते कोणाचे आहे हे कोणत्याही उपकरणाच्या मदतीशिवाय कळावे, हा या बिल्ल्याचा हेतू असतो. व्यापक अर्थाने त्वचेखाली बसवली जाणारी मायक्रोचिप, क्यूआर कोड असलेले बिल्ले आणि ठावठिकाणा कळवणारी विद्युत उपकरणे यांचाही मांजराच्या ओळखसाधनांत समावेश होतो.

बिल्ल्याच्या निवडीत रंग, आकार व किंमत यांपेक्षा एक मूलभूत पेच महत्त्वाचा आहे. मांजराच्या गळ्यासाठी सुरक्षित असलेला पट्टा ताण पडताच सुटला पाहिजे. परंतु पट्टा सुटला की त्याच्यासोबत बिल्लाही जातो. उलट, जो पट्टा कधीच सुटत नाही तो बिल्ला टिकवून ठेवतो, पण प्रसंगी मांजराच्या जिवावर बेततो. म्हणून बिल्ला हरवणार हे गृहीत धरूनच तो निवडावा लागतो आणि त्याच्या जोडीला ओळखीचे दुसरे, न हरवणारे साधन ठेवावे लागते.

पार्श्वभूमी

मांजराच्या गळ्यात अलंकार घालण्याची प्रथा प्राचीन आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ‘गेयर-अँडरसन मांजर’ या नावाने ओळखली जाणारी, इ.स.पू. सुमारे ६०० मधील इजिप्शियन कांस्यमूर्ती आहे. तिच्या कानांत व नाकात सोन्याची वलये असून गळ्यात दागिना आहे. तो अर्थातच मालकीची खूण नसून पूजेचा भाग होता. मालकी दर्शविणारा पट्टा व बिल्ला प्रामुख्याने कुत्र्यांच्या बाबतीत रूढ झाला. महानगरपालिकेचा परवाना घेतलेल्या कुत्र्याच्या गळ्यात घालायच्या चकतीला मराठीत ‘बिल्ला’ हाच शब्द वापरला जातो. मांजर मात्र बराच काळ या व्यवस्थेबाहेर राहिले.

यामागे मांजर पाळण्याची पारंपरिक रीत आहे. महाराष्ट्रातील घरांत मांजर बहुधा बांधलेले किंवा कोंडलेले नसे. उंदरांचा बंदोबस्त करणारे, दुधाच्या वाटीपुरते घरी येणारे आणि दिवसभर आळीत हिंडणारे असे त्याचे जीवन असे. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, अशी समजूत सर्वत्र आढळते. एकाच मांजराला एका घरी ‘मनी’ व शेजारच्या घरी ‘चिंगी’ म्हणून हाक मारली जाणे हेही नवलाचे नाही. नागपुरातील महाल व इतवारी या जुन्या वस्त्यांत, जिथे घरांच्या भिंती व छपरे एकमेकांना लागून आहेत, तिथे ही रीत अजूनही दिसते. सदनिकांत वाढलेल्या मांजरांची स्थिती वेगळी आहे. घराबाहेरच्या जगाची सवय नसलेले मांजर दाराच्या फटीतून निसटले, तर ते हाकेला ओ देण्याऐवजी जवळच्या अडगळीत दडून बसते, आणि पाहणाऱ्यास ते भटके वाटते.

हरवलेल्या मांजरांविषयी अमेरिकेतील ओहायो राज्यात झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३८ हरवलेल्या मांजरांपैकी ७३ परत मिळाली. त्यांतील बहुतांश आपणहून घरी आली होती. हरवली त्या वेळी कोणतीही ओळख अंगावर असलेली मांजरे सुमारे १९ टक्केच होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासानुसार सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के मांजरे निसटल्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत मिळाली. मांजर पाहणारी व्यक्ती बहुधा त्याच वस्तीतील असते, असा या आकड्याचा व्यावहारिक अर्थ होतो. बिल्ल्यावरील मजकूर ठरवताना तो उपयोगी पडतो.

गळपट्टा

बिल्ल्याआधी पट्ट्याचा विचार करणे आवश्यक आहे, कारण इजा होते ती बहुधा पट्ट्यामुळे. मांजर चढते, अरुंद जागेतून शिरते, उंचीवरून उडी मारते. अशा वेळी पट्टा फांदीला, खिडकीच्या गजाला किंवा तारेला अडकल्यास मांजर लोंबकळून गुदमरू शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक खिडकीबाहेर कूलर व त्याचा लोखंडी सांगाडा असतो. सांगाड्याचे कोपरे, लटकत्या वायर आणि खिडकीची जाळी ही अडकण्याची नेहमीची ठिकाणे होत. मकरसंक्रांतीच्या सुमारास झाडांवर व गच्चीवर लोंबणारा नायलॉन मांजा हा त्यात भर घालणारा धोका आहे. त्याच्या विक्रीवर व वापरावर बंदी असली तरी तो शहरातून नाहीसा झालेला नाही.

यासाठी ताण पडताच आपोआप सुटणारे बक्कल असलेला पट्टाच मांजरासाठी योग्य मानला जातो. पट्टा घेताना बक्कलाच्या दोन्ही बाजू बोटांत धरून ओढून पाहाव्यात. मांजराच्या वजनाइतक्या ताणाने ते सुटत नसेल, तर तो पट्टा लहान कुत्र्याचा समजून परत करावा. बाजारात ‘मांजराचा पट्टा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक वस्तूंना प्रत्यक्षात साधे बक्कल असते. केवळ एका बाजूस थोडे इलॅस्टिक शिवलेला पट्टा हा सुटणाऱ्या बक्कलाला पर्याय नाही. ताणलेल्या इलॅस्टिकमधून मांजराचा पुढचा पाय आत शिरतो व पट्टा काखेत रुतून खोल जखम होते. अशा जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत.

दृष्ट लागू नये म्हणून जनावराच्या गळ्यात काळा दोरा, त्यात मणी किंवा कवडी बांधण्याची पद्धत विदर्भात सर्वत्र आहे. गाईगुरांच्या बाबतीत ती निरुपद्रवी असली तरी मांजराच्या, विशेषतः पिल्लाच्या गळ्यात असा दोरा बांधणे धोक्याचे आहे. दोरा ताणत नाही, तुटत नाही आणि केसांत दडल्यामुळे दिसतही नाही. पिल्लू काही आठवड्यांत वाढते आणि दोरा कातडीत रुतत जातो. रबरबँड, रिबन व राखीचा गोफ यांचेही तेच. ज्यांना दृष्टीचा मणी हवाच असेल, त्यांनी तो सुटत्या बक्कलाच्या पट्ट्यावर ओवावा.

पट्टा व मान यांत दोन बोटे सहज जातील, इतका तो सैल असावा. त्याहून सैल पट्ट्यात खालचा जबडा किंवा पाय अडकतो. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासावा लागतो. पावसाळ्यात ओला राहिलेला कापडी पट्टा त्वचेला त्रास देतो. चामड्याचा पट्टा ओला झाल्यावर आखडतो. पातळ नायलॉनचा, सुमारे १ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा बहुतेक मांजरांना चालतो.

मांजर पट्टा सहन करणार नाही, अशी अनेकांची खात्री असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५३८ मांजरांवरील अमेरिकी अभ्यासात ३९१ मांजरांनी, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांनी, सहा महिने पट्टा घातला. पट्ट्यात पाय अडकणे, पट्टा तोंडात किंवा एखाद्या वस्तूत अडकणे असे प्रकार १८ मांजरांच्या बाबतीत, म्हणजे ३.३ टक्के, घडले. यश कशावर अवलंबून होते, हे या अभ्यासातील विशेष लक्षणीय निरीक्षण आहे. मांजर पट्टा स्वीकारेल अशी पालकाची अपेक्षा, आणि पट्टा किती वेळा पुन्हा बांधावा लागला, हे दोन घटक त्यात सर्वांत महत्त्वाचे ठरले. पहिले काही दिवस जेवणाच्या वेळी थोडा वेळ पट्टा घालून, मग वेळ वाढवत नेल्यास सवय होते.

बिल्ल्याचे साहित्य व घडण

प्रौढ मांजराचे वजन साधारणतः साडेतीन ते पाच किलोग्रॅम असते. कुत्र्यासाठी बनवलेला जाड पितळी बिल्ला त्याच्या गळ्यात जड होतो, खाताना वाटीवर आपटतो व मांजर त्याला कंटाळते. दोन ते अडीच सेंटिमीटर व्यासाची, काही ग्रॅम वजनाची चकती पुरेशी असते.

स्टेनलेस स्टीलवरील कोरीव अक्षरे दीर्घकाळ टिकतात. ॲल्युमिनियम सर्वांत हलके, पण त्यावरील रंगाचा थर घासला जाऊन मजकूर फिका पडतो. पितळ दिसायला देखणे असले तरी काळवंडते व मऊ असल्याने झिजते. प्लास्टिकवरील छापील मजकूर नागपूरच्या उन्हात फार टिकत नाही. कोरलेले अक्षर नेहमीच छापलेल्या अक्षराहून विश्वासार्ह असते. आत कागदाची गुंडाळी ठेवायच्या नळीच्या आकाराच्या बिल्ल्यात मजकूर बराच मावतो, परंतु त्याचे झाकण सैल होऊन पडते आणि पावसाळ्यात कागदाचा लगदा होतो.

बिल्ला मागवण्यासाठी इंटरनेटवरच अवलंबून राहण्याची गरज नाही. लग्नकार्यातील भांड्यांवर नाव घालून देण्याची सोय महाराष्ट्रातील भांड्यांच्या दुकानांत पूर्वापार आहे आणि इतवारीच्या बाजारातही ती आढळते. त्याच यंत्राने पातळ स्टीलच्या चकतीवर दहा आकडी क्रमांक सहज कोरता येतो. नावाच्या पाट्या व सन्मानचिन्हे करणारे कारागीरही हे काम करतात. चकतीच्या कडा व भोकाची धार घासून गुळगुळीत करून घ्यावी.

बिल्ला पट्ट्याला जोडण्यासाठी किल्ल्यांच्या जुडग्यात असते तशी दुपदरी कडी वापरावी. उघड्या तोंडाचा, इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराचा आकडा टाळावा, कारण त्यात मांजराची नखे अडकतात. लोंबती चकती ज्या मांजराला खुपते, त्याच्यासाठी पट्ट्यावर ओवून सपाट बसणारी पट्टी अधिक सोयीची. तीही नको असल्यास क्रमांक पट्ट्यावरच धाग्याने भरून घेता येतो.

मजकूर

बिल्ला मांजरासाठी नसतो, मालकासाठीही नसतो. तो वाचणारा माणूस अनोळखी असतो, त्याच्या हातात घाबरलेले मांजर असते आणि त्याला फार तर दोन-चार क्षण मिळतात. या दृष्टीने पाहिल्यास मजकुराचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम भ्रमणध्वनी क्रमांक, मोठ्या आकड्यांत. जागा असल्यास दुसऱ्या बाजूस घरातील दुसऱ्या व्यक्तीचा क्रमांक, कारण एक फोन बंद असू शकतो किंवा त्याचा धारक प्रवासात असू शकतो. क्रमांक बदलल्यावर जुनाच बिल्ला गळ्यात राहणे हा नेहमी घडणारा प्रकार आहे. असा बिल्ला नसलेल्या बिल्ल्याहून वाईट म्हणावा लागेल, कारण तो सापडवणाऱ्याचा प्रयत्न वाया घालवतो.

त्यानंतर मांजर घरातच राहणारे असल्यास ‘घरातच राहते’ हे दोन शब्द लिहिणे अतिशय उपयोगी ठरते. रस्त्यावर हिंडणारे पट्टेधारी मांजर पाहून लोक ते फिरायला निघाले आहे असे समजतात व सोडून देतात. हे शब्द वाचल्यावर ते हरवले आहे हे कळते. नियमित औषध सुरू असलेल्या मांजरासाठी ‘औषध चालू’ अशी नोंद असावी.

पत्ता पूर्ण लिहिणे गैरसोयीचे आहे. नागपुरात पत्ते प्लॉट क्रमांक व लेआउटच्या नावाने दिले जातात, आणि पाचशे मीटरच्या आतील शेजाऱ्याला लेआउटचे किंवा इमारतीचे नाव पुरेसे असते. शिवाय घरी एकटे राहणाऱ्यांना आपले नाव व घराचा पूर्ण पत्ता मांजराच्या गळ्यात फिरवणे सुरक्षित वाटत नाही. ती चिंता रास्त आहे. मांजराचे नाव हा मजकुरातील सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होय. जपानमधील संशोधक अत्सुको साइतो व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार मांजरे स्वतःचे नाव इतर शब्दांपासून वेगळे ओळखतात. परंतु ओळखणे आणि अनोळखी माणसाने हाक मारल्यावर जवळ येणे या भिन्न गोष्टी आहेत.

लिपीचा प्रश्न नागपूरसारख्या मराठी व हिंदी दोन्ही बोलणाऱ्या शहरात सोपा आहे. देवनागरी मजकूर दोन्ही भाषिकांना वाचता येतो. आकडे मात्र फोनच्या कळांवर दिसतात तसे आंतरराष्ट्रीय पद्धतीने कोरावेत, म्हणजे ते सर्वांना वाचता येतात.

रेबीजच्या लसीकरणाचा वेगळा बिल्ला काही ठिकाणी वापरला जातो. मांजर चावल्यास किंवा त्याने ओरखडल्यास बिल्ल्यावरील क्रमांकामुळे पालकाचा शोध लागून लसीकरणाची कागदपत्रे पाहता येतात, हा त्याचा खरा उपयोग. मात्र बिल्ला पाहून उपचार टाळणे किंवा लांबवणे घातक आहे. जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन तातडीने वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

घंटा

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांच्या सभेतील प्रश्न मराठीत वाक्प्रचार होऊन बसला आहे. प्रत्यक्षात घंटा बांधणे अवघड नाही आणि तिचा परिणामही मोजलेला आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घंटा घातलेल्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत सस्तन प्राणी ३४ टक्क्यांनी व पक्षी ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ओळखीसाठी घंटेचा उपयोग नाही. तथापि अडगळीत दडलेल्या मांजराचा माग तिच्या आवाजाने लागू शकतो. पायातल्या पैंजणांची घुंगरे मात्र लावू नयेत. त्यांच्या फटीत नख अडकते.

मायक्रोचिप व छायाचित्र

पट्टा सुटून गेल्यावरही टिकणारी ओळख म्हणजे मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठी, सुमारे १२ मिमी लांब व २ मिमी जाड अशी ही काचेची कुपी सुईने दोन खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली बसवली जाते. तिच्यात बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ आणल्यावर त्याच्या लहरींतून ऊर्जा घेऊन ती आपला क्रमांक कळवते. आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांनुसार हा क्रमांक १५ अंकी असून वारंवारिता १३४.२ किलोहर्ट्‌झ असते. क्रमांकाचे पहिले तीन अंक देशाचा किंवा उत्पादकाचा संकेत दर्शवतात.

वर उल्लेखिलेल्या ५३८ मांजरांच्या अभ्यासाच्या अखेरीस तपासलेल्या ४७८ चिपपैकी ४७७ चालू होत्या. अमेरिकी निवाऱ्यांतील २००९ च्या एका अभ्यासात चिप असलेल्या मांजरांपैकी ३८.५ टक्के मांजरे घरी परतली, तर निवाऱ्यांत आलेल्या एकूण मोकाट मांजरांत हे प्रमाण अवघे १.८ टक्के होते. हे आकडे भारताला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. चिपमध्ये केवळ क्रमांक असतो, फोन क्रमांक नव्हे. तो कोणत्या नोंदवहीत आहे आणि तपासणाऱ्याकडे वाचक यंत्र आहे का, यांवर सर्व अवलंबून असते. भारतात पाळीव मांजरांसाठी सर्वमान्य अशी एकच राष्ट्रीय नोंदवही नाही. त्यामुळे येथे चिप हा बिल्ल्याचा पर्याय न ठरता त्याची पूरक ठरते, आणि बिल्ल्यावर ‘चिप आहे’ असे लिहिल्याखेरीज ती तपासण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे १९५८ मध्ये स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय असून शहरात खाजगी पशुवैद्यकही आहेत. चिप बसवून घेण्यापूर्वी संबंधित पशुवैद्यकाकडे वाचक यंत्र आहे ना आणि नोंद कोठे केली जाईल, हे विचारून घ्यावे.

परदेशी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी चिपचा वेगळा उपयोग आहे. युरोपीय संघात मांजर नेताना चिप अनिवार्य असून ती बसवण्यापूर्वी दिलेली रेबीजची लस ग्राह्य धरली जात नाही. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून २० आठवड्यांवरील पाळीव मांजरांना चिप सक्तीची आहे.

ओळखीचे सर्वांत स्वस्त साधन छायाचित्र हे होय. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पात वाघांची मोजणी करताना प्रत्येक वाघ त्याच्या पट्ट्यांच्या नक्षीवरून ओळखला जातो. वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील नक्षी सारखी नसते, म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे लागतात. घरच्या पट्टेरी किंवा तिरंगी मांजरालाही हेच लागू पडते. दोन्ही कुशी, चेहरा, शेपटी आणि एखादी खास खूण यांची स्पष्ट छायाचित्रे जपून ठेवावीत. संपूर्ण काळ्या किंवा पांढऱ्या मांजराच्या बाबतीत मात्र हा मार्ग तोकडा पडतो.

विद्युत साधने

क्यूआर कोडच्या बिल्ल्यावर मजकुराची मर्यादा नसते व माहिती बदलता येते. परंतु ती सेवा बंद पडली की बिल्ला मुका होतो. त्यामुळे कोडच्या बाजूला फोन क्रमांक कोरलेला असावाच. ॲपलच्या एअरटॅगसारखी ब्लूटूथ साधने (वजन ११ ग्रॅम) स्वतः ठिकाण शोधत नाहीत. जवळून जाणाऱ्या फोनमार्फत ते कळवतात. दाट वस्तीत ती उपयोगी पडतात, मोकळ्या लेआउटमध्ये कमी. जीपीएस उपकरणांना बॅटरी, भ्रमणध्वनी जाळे व मासिक शुल्क लागते आणि ती लहान मांजराला जड होतात. अशा उपकरणांच्या मर्यादेचे मोठे उदाहरण विदर्भातच घडले. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातील ‘जय’ हा प्रसिद्ध वाघ गळ्यात रेडिओ कॉलर असतानाही एप्रिल २०१६ नंतर बेपत्ता झाला आणि मोठी शोधमोहीम राबवूनही सापडला नाही.

नोंदणी व कायदा

गाई-म्हशींच्या कानांत दिसणारा १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला हा केंद्र सरकारच्या पशुधन ओळख व्यवस्थेचा भाग आहे. मांजरांसाठी तशी देशव्यापी योजना नाही. महाराष्ट्रात पुणे महानगरपालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांच्याही नोंदणीचा प्रस्ताव मंजूर केला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याचे कलम ११ मात्र मांजरांनाही लागू असून, उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा त्यानुसार गुन्हा आहे.

कानाचे टोक सरळ कापलेले मांजर दिसल्यास त्याची नसबंदी झालेली असते. ही खूण भटक्या मांजरांच्या नसबंदीच्या वेळी केली जाते. तिच्यावरून मांजर बेवारस आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण अशी अनेक मांजरे नंतर कोणीतरी घरी नेलेली असतात. पट्टा नसलेल्या पण माणसाळलेल्या मांजराच्या मानेभोवती केस दबल्याची किंवा झिजल्याची रेघ दिसत असेल, तर त्याचा पट्टा अलीकडेच सुटून पडला असण्याची शक्यता असते. अशा वेळी आसपासच्या इमारतींत चौकशी करणे आणि पशुवैद्यकाकडे चिप तपासून घेणे, या दोन्ही गोष्टी कराव्यात.